चौदा एप्रिल, चेरीखाली

माझ्या मुलीला मराठी येत नाही आणि त्यात तिची काहीही चूक नाही. हे वाक्य मी मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलंय, पण कुणासमोर कधी म्हटलेलं नाही. भारतातून आलेलं कुणी विचारतं तेव्हा मी "इथल्या मुलांचं काही विचारू नका" असं पुटपुटते आणि चहा टाकायला उठते. जसं काही इथली मुलं म्हणजे इथलं हवामानच, आपल्या हातात काय आहे! माझ्या हातात काय होतं ते मला चांगलं माहीत आहे.

ती इंग्लंडात, स्लाऊला जन्मली, ब्याऐंशी साली. हे हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, दिवसरात्र ड्युटीवर. मी घरी. साताऱ्याच्या शाळेत सहा वर्षं मराठी शिकवून आलेली बाई मी, त्यामुळे मुलीशी बोलायला माझ्याकडे काही कमी नव्हतं. पण अडीच वर्षांची झाली तरी ती बोलेना. मग घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरने मला समोर बसवून समजावलं, की घरात दोन भाषा असल्या की मूल गोंधळतं, तेव्हा यापुढे तिच्याशी फक्त इंग्रजीत बोला. हे म्हणाले, "त्या एक्स्पर्ट आहेत, आपण ऐकावं." दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या मोडक्या इंग्रजीत आई व्हायला लागले. "ईट युवर राइस. डोन्ट डू मस्ती." चार महिन्यांत पोरगी घडाघडा बोलायला लागली. सगळ्यांना आनंद झाला, मलासुद्धा. ती पाच वर्षांची झाली तोवर मी चुकून मराठीत काही बोलले, तर ती मागे वळून बघायची, आई कुणाशी बोलतेय ते.

अठ्ठ्याऐंशी साली मी मराठीचा वर्ग सुरू केला. दर शनिवारी दहा ते बारा, कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत. खोली कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, फुकट दिलेली. पाच डॉक्टरांची घरं, दोन-तीन इतर, मिळून दहा-बारा मुलं. घरी मला "मम" म्हणणारी माझी मुलगी तिथे मला "बाई" म्हणायची आणि कशीबशी दोन-तीन वाक्यं मराठीत बोलायची. त्या दोन तासांवर मी आठवडा काढायची. हा वर्ग बंद पडला तर माझं लेकरू माझ्या भाषेतून कायमचं गेलं, हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या वर्षी ब्रॅकनेलहून एक गृहस्थ यायला लागले. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी. मोठी मुलगी अकरा वर्षांची, धाकटा आठचा. दोघांना गाडीत घालून दर शनिवारी, पाऊस असो की बर्फ, दहाला पाच कमी असताना दारात हजर. त्यांची मुलं मराठी बोलायची म्हणजे खरोखर बोलायची. एकमेकांच्या पेन्सिली पळवायची आणि मराठीत भांडायची. मूल ज्या भाषेत भांडतं ती त्याची, हे शाळेत सहा वर्षं घालवून मला कळलं होतं. माझी मुलगी त्या मुलीच्या शेजारी बसायला लागली. महिनाभराने मी फळ्यावर बाराखडी लिहीत होते आणि पाठीमागून माझ्याच पोरीचा आवाज आला, "ए, थांब की गं!" कुणी शिकवलेलं नव्हतं, पाठ केलेलं नव्हतं. मी वळले नाही. तोच फळा दोनदा पुसला. इतका आनंद मला या देशात क्वचितच झाला असेल.

ते गृहस्थ बौद्ध होते. हे आमच्यात कुणी मोठ्याने बोललं नाही, पण पहिल्याच दिवशी आडनाव ऐकून सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. आम्ही जात मानत नव्हतो. आम्ही जात मानत नाही हे आम्ही एकमेकांना अधूनमधून सांगायचोसुद्धा. त्यांच्या घरचं जेवण आम्ही आवडीने जेवलो होतो, एकदा, आणि ती गोष्ट आम्हाला लक्षात राहिली होती. यावरून काय ते समजा.

नव्वदच्या हिवाळ्यात कौन्सिलचं पत्र आलं. खोल्यांना मागणी वाढली आहे, इतर भाषांच्या वर्गांची रांग लागली आहे, तरी वसंतात आमच्या एक अधिकारी येऊन तुमची मुलं भाषा कितपत वापरतात ते पाहतील आणि मग खोलीचं ठरवू. पत्र वाचून मी हजेरीची वही काढली; खरोखर बोलणारी मुलं मोजायला एक हात पुरला. पण मनात म्हटलं, ब्रॅकनेलची दोन मुलं आहेत आणि त्यांच्यामुळे माझीही तोंड उघडते. बघू दे त्यांना काय बघायचं ते.

आमच्या शेजारच्या खोलीत शनिवारी जपानी आया मुलांना घेऊन बसायच्या. त्यांचे नवरे इथल्या जपानी कंपन्यांत, तीन-चार वर्षांच्या बदलीवर आलेले. त्यातल्या एकीशी माझी चहाच्या टेबलापाशी मैत्री झाली होती. तिचं इंग्रजी माझ्याहून वाईट, म्हणून मला ती फार आवडायची. एकदा तिने विचारलं, तुमची मुलं परत कधी जाणार? मी म्हटलं, पाच वर्षांनी. हे "पाच वर्षांनी" आम्ही तेव्हा अकरा वर्षं म्हणत होतो. तिला मात्र परतीची तारीख ठाऊक होती. मुलांना मायदेशी शाळेत बसायचं होतं, म्हणून तिच्या घरात जपानीशिवाय शब्द निघत नव्हता.

सहलीची कल्पना तिचीच. त्यांच्याकडे चेरी फुलली की सगळे झाडाखाली डबे घेऊन बसतात. स्लाऊच्या पार्कात चेरीची चांगली दहा-बारा झाडं होती. त्यांची मुलं आणि आमच्या वर्गाची मुलं बसतील, एकमेकांचा खाऊ खातील, तुम्ही आम्हाला चार शब्द शिकवा, आम्ही तुम्हाला शिकवतो. मला वाटलं, देवच पावला. खोलीत बसवून परीक्षा घेण्यापेक्षा कौन्सिलच्या बाईंना झाडाखाली बोलवावं. ऊन, फुलं, दोन देशांची मुलं, भाषेची देवाणघेवाण. मी तसं पत्र टाकलं आणि बाईंचं लगेच उत्तर आलं, की आनंदाने येईन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जपानी मैत्रीण रोज पार्कात जाऊन कळ्या बघायची. एका संध्याकाळी तिचा फोन आला, पुढच्याच्या पुढच्या रविवारी पूर्ण बहर. मी कौन्सिलला कळवलं, मग सगळ्यांना एकेक फोन केला. ब्रॅकनेलला शेवटी केला.

"ताई, त्या दिवशी चौदा एप्रिल आहे," ते म्हणाले.

"हो ना, सेकंड संडे," मी म्हटलं. खरंच असं म्हटलं.

"आमच्याकडे जयंती असते त्या दिवशी. हॉल बुक केलाय, मुलांची भाषणं आहेत. मोठी तर महिनाभर पाठ करतेय."

साताऱ्याला दर वर्षी त्या तारखेला आमच्या शाळेवरून मिरवणूक जायची. निळे झेंडे, बँड, नवी लुगडी नेसलेल्या बाया. आमच्या गल्लीत त्या दिवशी दारं जरा लोटून घ्यायचे. ती तारीख मला माहीत नव्हती असं कसं म्हणू? माहीत होती, पण ती "त्यांची" म्हणून माहीत होती. माझ्या कॅलेंडरवर तिला जागा नव्हती.

"मग सकाळचं आटपून दुपारी नाही का येता येणार?" मी विचारलं. दातांच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंट असलेल्या माणसाला विचारावं, तशा सुरात.

"नाही जमणार, ताई. पण तुम्ही करा. छान होऊ दे."

आवाजात राग नव्हता. असता तर मी कदाचित शुद्धीवर आले असते. फोन ठेवला. मग माझ्याबरोबर वर्ग चालवणारी एक डॉक्टरीणबाई होती, तिला फोन लावला. म्हटलं, शनिवारी ठेवूया का, बहर काही एका दिवसात जात नाही.

"अगं, दोन मुलांसाठी सगळ्यांना कशाला डिस्टर्ब करायचं? आणि कौन्सिलला कन्फर्म केलंयस ना तू? दिवाळीबिवाळी असती तर गोष्ट वेगळी."

हे ती वाईट मनाने बोलली नाही. मीही "हो, ते बरोबर आहे" म्हटलं आणि पुढे बटाटेवडे कोण करणार यावर आलो. तारीख बदलायला माझे दोन फोन पुरले असते. मी केले नाहीत. पुढचं सगळं त्यातून आलं, म्हणून हे लिहिताना मला स्वतःची चीड येते.

रविवारी पार्कात ऊन पडलं होतं, पण वारा असा की शालीत हात लपवावे लागत होते. चेरी मात्र खरोखर बघण्यासारखी फुललेली. जपानी आयांनी मोठी निळी प्लॅस्टिकची चादर पसरली, सगळ्यांचे बूट काठाने ओळीत लावले. आमच्या बायकांनी डबे उघडले. वडे, चटणीचे सँडविच, शंकरपाळ्या. पाकळ्या चटणीत पडत होत्या. कौन्सिलच्या बाई हिरव्या रेनकोटात, मांडीवर वही घेऊन आमच्यातच बसल्या. बाई हसऱ्या, सालस होत्या. त्या खडूस असत्या तर आज दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

आणि आम्ही सगळ्यांनी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली.

कुणी ठरवलं नव्हतं. पाहुण्यांसमोर त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलू नये, हे आमच्या हाडात मुरलेलं. यांना वॉर्डात पहिल्या दिवसापासून सांगितलेलं, पेशंटसमोर आपसात इंग्रजीच. तीच सवय घरोघर आलेली. नवरे एकमेकांशी इंग्रजीत, बायका नवऱ्यांशी इंग्रजीत. मी हळूच त्या डॉक्टरीणबाईला म्हटलं, "अगं, मराठीत बोल ना." ती कानाशी येऊन कुजबुजली, "बरं दिसत नाही गं त्यांच्यासमोर." आणि मोठ्याने मुलांना म्हणाली, "चिल्ड्रन, सिट प्रॉपर्ली." भाषेच्या सहलीला आलेलो आम्ही, आणि मराठी काय ती कुजबुजीपुरती उरली. शेजारी जपानी आया आपल्या मुलांना जपानीत दटावत होत्या, जपानीत भरवत होत्या. त्यांच्या मनातही येत नव्हतं की यात कुणाचा अपमान होतो.

मुलांनी बसवलेलं म्हणून दाखवलं. माझं नाव अमुक, मी स्लाऊला राहतो, मला आंबा आवडतो. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाल्या, "लव्हली. आता माझ्याकडे लक्षच देऊ नका. रोज बोलता तसं बोला."

मुलं रोज बोलायची तशी बोलायला लागली. टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या कासवांबद्दल, फुटबॉलबद्दल, इंग्रजीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! माझी मुलगी एकटीच चादरीच्या कडेला गवत उपटत बसली होती. तिच्या शेजारी जिची जागा, ती त्या वेळी कुठल्यातरी हॉलमध्ये स्टेजवर उभी राहून मराठीत भाषण करत असणार. "ए थांब की गं" म्हणायला कुणीतरी समोर लागतं. ते कुणीतरी आम्ही तारखेत गमावलं होतं.

बाई वाकून तिला म्हणाल्या, "तुझ्या भाषेत मम्मीकडे काहीतरी माग बघू."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी जीव एकवटून मान हलवली, बोल, बोल. तिचे कान लाल झाले. "आई, पाणी," ती म्हणाली. दोन शब्द. मी पाणी दिलं. ती ते प्यायलीसुद्धा नाही, तहान कुठे होती तिला. तेवढ्यात जपानी मुलांचं चेंडूवरून भांडण जुंपलं, सहा पोरं एकदम जपानीत ओरडायला लागली, आणि बाई खळखळून हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं. तेव्हाच मला कळलं की संपलं. पुढचा तासभर मी सगळ्यांना वडे वाढत होते.

मे महिन्यात पत्र आलं. सहल फार छान झाली, तुमची मुलं या देशात किती उत्तम रुळली आहेत हे पाहून आनंद वाटला, आणि यापुढे खोली देता येणार नाही. त्यांनी कौतुकच केलं होतं, मनापासून. यांनी पत्र वाचून "चला, शनिवार मोकळे झाले" म्हटलं. मी दिवसभर यांच्याशी बोलले नाही आणि यांच्या ते लक्षात आलं नाही. कुणाच्या तरी घरी वर्ग भरवावा असं मी चार घरी सुचवलं. स्विमिंग होतं, पियानो होता, चांगल्या शाळेसाठी अकराव्या वर्षी द्यायच्या परीक्षा होत्या.

ब्रॅकनेलला फोन करायला मला तीन दिवस लागले. वर्ग बंद झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे." मग म्हणाले, "ताई, आमच्याकडे रविवारी मुलं जमतात. वंदना होते, मग तासभर मराठी वाचन, गोष्टी, खेळ. पंधरा-सोळा मुलं असतात. तुमच्या मुलीला आणा. आमची मोठी तिची रोज आठवण काढते."

आपण ज्याच्या सणाला "दुपारी येता का" विचारलं, त्या माणसाने हे म्हणावं. मी म्हटलं, "बघते."

आमच्यात "बघते" म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "दर रविवारी ब्रॅकनेल? आणि तिथे ती वंदना वगैरे. उगीच कन्फ्युज होईल पोर." मी भांडले नाही. भांडायला माझ्याकडे मुद्दे होते, पण माझ्याही मनात तेच होतं. त्या जूनमध्ये सासूबाई साताऱ्याहून येणार होत्या. नात रविवारी कुठे जाते, कुणाकडे जाते, तिथे काय म्हणते, या प्रश्नांची उत्तरं मी मनात जुळवून पाहिली आणि एकही मला देता येईना. डॉक्टरीणबाई काय म्हणेल तेही आठवलं. पोरीची भाषा जाते म्हणून मी रात्रंदिवस जीव टाकत होते, आणि भाषा जिथे जिवंत होती तिथे न्यायला माझे पाय निघाले नाहीत. एक रविवार गेला, दुसरा गेला. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. मीही केला नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी तिच्याशी फक्त मराठीत बोलायचं ठरवलं. अकरा दिवस बोलले. पहिले दोन दिवस ती हसली, मग "व्हॉट?" म्हणायला लागली, मग चिडली, मग तिने मला काही सांगणंच सोडलं. शाळेत काय झालं, मैत्रिणीशी का बिनसलं, काहीच नाही. खोलीचं दार लावून बसायची. बाराव्या दिवशी मी दारावर टकटक करून म्हटलं, "डार्लिंग, आर यू ऑल राइट?" आणि ती दार उघडून माझ्या गळ्यात पडून रडली. तिला मी परत मिळाले होते. मी पुन्हा तो प्रयत्न केला नाही. जपानी मैत्रीण त्र्याण्णवला ठरल्या तारखेला मायदेशी गेली.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीच्या आधी मी आणि मुलगी लंडनला पिनरच्या बाजूला फराळाचं सामान घ्यायला गेलो होतो. ती सोळा वर्षांची, उंच, माझ्या पिशव्या उचलणारी, गुणी पोर. दुकानात रवा घेत होते, तर मागून कुणीतरी म्हणालं, "काकू? ओळखलंत का मला?"

ब्रॅकनेलची मोठी. मी चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखलं. मेडिकलला होती. इतकं स्वच्छ, मोकळं मराठी, जसं काही मी साताऱ्याच्या बाजारात उभी आहे. तिने वाकून नमस्कार केला. बाबा बरे आहेत, धाकटा कॉलेजात गेला. मग माझ्या मुलीकडे वळून म्हणाली, "किती गं मोठी झालीस तू!" माझी मुलगी गोड हसली. परक्या बाईला बघून हसतात तसं.

हिला काहीच समजलेलं नाही, हे त्या मुलीला कळलं. तिने नजर माझ्याकडे वळवली आणि हसतच सांगायला लागली, कसलाही आकस न ठेवता.

"काकू, मी किती वाट बघितली होती माहितीये? बाबा म्हणाले होते, ताई बघते म्हणाल्यात, म्हणजे येतील. मग मी दर रविवारी माझ्या शेजारी हिची जागा धरून ठेवायचे. कुणाला बसू द्यायचे नाही. सुट्टी संपेपर्यंत धरली होती."

माझ्या हातात रव्याची पिशवी होती. मी तिच्यावरची किंमत पुन्हा एकदा वाचली. तिला कुणीतरी हाक मारली आणि "येते हं काकू" म्हणून ती गेली.

मुलीने माझ्या दंडाला धरलं. "मम? यू ओके? व्हॉट डिड शी से?"

"नथिंग, डार्लिंग," मी म्हटलं. "शी जस्ट सेड हॅपी दिवाळी."